ऑनलाइन डी अँड डी ‘खोटं’ असतं म्हणे!

कोल्हापुरातल्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: डी अँड डी (‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’) सारखे रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढं न्यायचे खेळ, ऑनलाइन चालवण्यात अर्थ नाही. महागडं सॉफ्टवेअर आणि तगडं नेट लागतं, फाशांत लबाडी होते, इंग्रजीशिवाय जमत नाही आणि चेहरे दिसत नसल्यानं गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या हातात काही उरत नाही. शेवटी फर्मान: एका खोलीत बसा, नाहीतर सोडून द्या.

खर्चाचा मुद्दा सगळ्यात पोकळ. नकाशा आणि फासे ऑनलाइन मांडून देणाऱ्या रोल ट्वेंटी या साइटचं साधं खातं फुकट मिळतं. फाउंड्री हे तसलंच सॉफ्टवेअर विकत घ्यायचं तर एकट्या मास्टरनं, तेही एकदाच. बाकीचे ब्राउझरमधून आत येतात. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. नेटचं म्हणाल तर डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचं व्हॉइस चॅनेल मुळात ६४ केबीपीएसवर चालतं. म्हणजे एक जण तासभर अखंड बोलला तरी साधारण ३० एमबी. पावसात लाइट गेली, राउटर बसला, तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आवाज निभावतो. फोनवर नकाशा हलवणं मात्र कटकटीचं आहे, हे कबूल. त्यावर इलाज म्हणजे नकाशाचा स्क्रीनशॉट चॅटमध्ये टाकायचा आणि सोंगट्या मास्टरनंच सरकवायच्या.

लबाडी? रोल ट्वेंटीवर उघड टाकलेला फासा सगळ्यांच्या चॅटमध्ये उमटतो. टेबलावर मास्टर पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासे टाकतो, तेव्हा कोण डोकावतं?

चेहऱ्यांचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. टेबलाभोवती दोघं कुजबुजत असली तरी तिसऱ्याशी बोलता येतं. व्हॉइस चॅनेलवर दोघं एकदम बोलली की दोघंही थांबतात, मग ‘तू बोल’, ‘नको, तू बोल’ सुरू होतं आणि रंगात आलेला प्रसंग बसतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हेच भोगलं असणार. पण यात माध्यमाइतकाच दोष टेबलावरची पद्धत तशीच्या तशी रेटणाऱ्या मास्टरचा आहे. ‘आता काय करता?’ हा प्रश्न खोलीत चालतो, कारण नजरेवरून कळतं कुणाला विचारलं ते. हेडफोनवर त्याला उत्तर म्हणून शांतताच मिळते. तिथं नाव घेऊन, जागा दाखवून विचारावं लागतं: ‘संदीप, तू दाराला कान लावलायस. आत कुणीतरी तुझंच नाव घेतलं. काय करतोस? त्यानंतर पूजा.’ पूजाला तयारीला वेळ मिळतो, बाकीच्यांना गप्प का बसायचं ते कळतं. लढाईतला क्रम चॅटमध्ये लिहून ठेवायचा. सहाऐवजी चार खेळाडू घ्यायचे आणि अडीच तासांत उठायचं. कानात हेडफोन घालून चार तास कुणाचंही लक्ष टिकत नाही. कॅमेऱ्याची सक्ती तर मी करतच नाही.

उलट एक गोष्ट ऑनलाइनच जमते. टेबलावर एखाद्याला चिठ्ठी दिली की गुपित आहे हे सगळ्यांना दिसतं. इथं एकट्याला मेसेज जातो आणि त्याच्या पात्राला लाच मिळालीय याचा बाकीच्यांना पत्ताही नसतो.

इंग्रजीचं काय, नियम इंग्रजीत असतील, खेळ कशाला हवा? खानावळवाला ‘या की मर्दानू, रस्सा गरम हाय’ म्हणाला की काम झालं. साहसाला तरी परक्या देशातला किल्ला कशाला? जुलै १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, वर मुसळधार पाऊस, विशाळगड ६० किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या पालखीत कोण बसणार, खिंडीत मागं कोण थांबणार? शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची नावं बाजूला ठेवा, नवी पात्रं घ्या आणि हेच प्रश्न खेळाडूंपुढं टाका. पुण्या-बेंगळुरूला गेलेली पोरंसुद्धा दहा मिनिटांत कोल्हापुरीवर येतात.

राहिलं ते फर्मान. जमत असेल तर खुशाल एका खोलीत बसा. दिवाळीला सगळे गावी आले की आम्हीही राजारामपुरीत एकाच्या गच्चीवर बसतो. फक्त चौघं खोलीत आणि एकटा लॅपटॉपवर, असली खिचडी करू नका. एका माइकला खोलीभरचा गलका पेलत नाही, आणि लॅपटॉपवरच्याला अर्धं ऐकू येतं, अर्धं विचारावं लागतं. अशा वेळी गच्चीवरच्या चौघांनीही आपापले हेडफोन लावून वेगवेगळं बसावं.