कीड काढलीच पाहिजे असं नाही

मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवरचा लेख आवडला, पण ‘दाढ किडली की कोरून भरायची, नाहीतर काढायची’ एवढ्यावरच तो थांबलाय. स्कॉटलंडमधल्या दंतवैद्य डॉ. नॉर्ना हॉल यांची पद्धत यायला हवी होती. त्या दुधाच्या दाढेतली कीड कोरतच नसत. ना इंजेक्शन, ना ड्रिल. दाढेच्या मापाची स्टीलची टोपी सिमेंट भरून बसवायची आणि मुलाला कचकन चावायला सांगायचं. आत कोंडलेल्या जंतूंना साखर मिळेनाशी होते आणि कीड थंडावते. टोपीमुळे चावा आधी थोडा उंच लागतो, काही आठवड्यांत आपोआप बसतो.

ऐकायला जुगाड वाटतं ना? पण तिथेच 132 मुलांवर चाचणी झाली. प्रत्येकाच्या तोंडात एका बाजूला अशी टोपी, दुसऱ्या बाजूला नेहमीचं फिलिंग. 5 वर्षांनी दुखणं, गळू अशा मोठ्या अडचणी टोपीखाली 3 टक्के, फिलिंगखाली 16.5 टक्के.

अर्थात गळू आलं असेल किंवा रात्री ठणका लागत असेल तर ही टोपी चालत नाही. आणि दाढ चंदेरी दिसते, त्यावर आपल्याकडे पोरापेक्षा आजीच जास्त नाक मुरडते! ‘पडणारच आहे, खर्च कशाला’ हेही ठरलेलं. अहो, दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या पोराने तोवर एकाच बाजूने जेवायचं का?