‘उन्हाळ्यात सेन्सर मंद करा’ म्हणे!

ऊन तापलं की जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. घरातला चोर-अलार्म गरमीमुळे उगाच वाजतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये सेन्सिटिव्हिटी उतरवा. दोनदा फुकट वाजला तर तिसऱ्यांदा उठू नका. लाइट गेल्यावर अलार्मचं पॅनल (मुख्य डबा) बीप करत असेल तर ते बिघडलंय समजा.

आधी गरमीचं बघू. चोर-अलार्मचा डोळा म्हणजे पीआयआर सेन्सर; तो समोरून सरकणारा उष्णतेचा फरक टिपतो. आपल्याकडे दिवसा पारा ४५ वर गेला की बंद घराच्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात, जवळजवळ माणसाच्या कातडीइतक्या. अशा भिंतीपुढून चालणारा माणूस सेन्सरला धड दिसतच नाही. चांगल्या सेन्सरमध्ये यावर थोडी तोड असते, पण आधीच अधू झालेल्याची सेन्सिटिव्हिटी आणखी उतरवायची? आणि तीही सगळं घर गच्चीवर झोपलेलं असताना?

मग वाजतो कशानं? आमच्याकडे कूलरनं. झोतानं पडदा हलायचा. सेन्सरची भिंत बदलली, वाजणं थांबलं. पाल हा दुसरा ताप: किड्यांमागे येते नि थेट लेन्सवर बसते, एवढ्या जवळून ती सेन्सरला माणसाएवढीच. बाकी बऱ्याचदा आपणच. आखाजीला माहेरवाशिणी आल्या की रात्री दोनला कोणीतरी पाणी प्यायला गच्चीवरून खाली उतरणारच. अलार्म बंद करायचा कोड कोणाकोणाला सांगत बसणार? जिना-हॉलचे सेन्सर रात्रीपुरते वगळून खालच्या दारं-खिडक्यांचे तेवढे चालू ठेवायची सोय बहुतेक पॅनलांत असते. ती वापरा.

तिसऱ्यांदा उठू नका, हा सल्ला तर चोराच्याच सोयीचा. उठा आणि मोबाइलवर अलार्मच्या अ‍ॅपमध्ये झोन बघा, म्हणजे घराच्या कोणत्या भागातला सेन्सर वाजला ते. रोज एकच झोन बोंबलत असेल तर पाल किंवा सैल वायर शोधा. आधी मागचं दार, मग हॉल असा क्रम दिसला तर मात्र खाली उतरू नका. गच्चीवरूनच शेजाऱ्यांना हाका मारा, ११२ लावा.

राहिली बीप. लाइट गेली, आता बॅटरीवर चाललोय, एवढीच तिची वर्दी. आतली सीलबंद बॅटरी आपल्या उन्हाळ्यात लवकर दगावते. म्हणून मार्चमध्येच मेन स्विच पाडून अर्ध्या तासानं अलार्म वाजवून बघायचा. आमची बॅटरी पाचव्या मिनिटालाच झोपली होती.