तेल कुठलं घालू?

दिवाळीच्या आधी मी बोहरी आळीतून एअर कॉम्प्रेसर उचलून आणला. एक एचपी, २४ लिटरची टाकी. कारण काय, तर पोराच्या सायकलीत हवा भरायला सारखं कोपऱ्यावर जावं लागतं. बायको म्हणाली, एवढ्याशा हवेसाठी हे धूड? म्हटलं अगं जाळ्या उडतील, पंखे साफ होतील, ग्रिलला स्प्रेने रंग मारता येईल. ती नुसतं "बरं" म्हणाली.

खोक्यात तेलाची छोटी बाटली होती, ती ओतताना निम्मी फरशीने प्यायली. मशीनच्या पोटाला एक गोल काच असते, त्यात लाल ठिपका, तेल त्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत यायला हवं. माझं खालीच. म्हणजे तेल आणणं आलं.

आता घरात कुणाला ताप आला तरी इतके डॉक्टर जमत नाहीत. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, बाइकचं २०डब्ल्यू-४० ओता बिनधास्त." शेजारचे काका, उभी हयात कारखान्यात गेलेली, ते म्हणाले हायड्रॉलिक ६८ घाल. आईने शिलाई मशीनची बुधली पुढे केली. बायको म्हणाली काय वाट्टेल ते घाल, फक्त घाण्याच्या शेंगदाणा तेलाला हात लावायचा नाही.

पुस्तिकेत लिहिलेलं, नॉन-डिटर्जंट. मला डिटर्जंट म्हणजे कपड्याची पावडर, ती तेलात कोण घालतं? शेवटी गॅरेजवाल्या पोराने समजावलं. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट घाण तरंगत ठेवतं, मग ती फिल्टरमध्ये अडकते, पण तुमच्या कॉम्प्रेसरला ऑइल फिल्टर आहे कुठे, आत चमच्यासारखा एक दांडा तेल उडवत बसतो बस, त्यामुळे घाण तळाला बसलेली बरी, बदलताना निघून जाते. शिवाय ते तेल फेसाळतं आणि व्हॉल्व्हवर कार्बन धरतो. एसएई ३० नॉन-डिटर्जंट आणा, म्हणाला, नाहीतर व्हीजी १००.

म्हटलं ३० की १००? तर म्हणे जवळपास एकच, दाटपणा मोजायची पट्टी वेगळी. हे म्हणजे तोळे आणि ग्रॅम. आणि हा १०० म्हणजे ४० डिग्रीला तेल किती दाट राहतं त्याचा आकडा. (काकांचं ६८ त्याहून पातळ, पण ते कोण सांगणार त्यांना.)

दुकानात गेलो. "कॉम्प्रेसर ऑइल द्या."

"फ्रिजचं का हवेचं?"

हे नवीनच. हवेचं म्हटलं, तर मिनरल का सिंथेटिक? दोन्ही चालतात, पण त्या क्षणी मला काहीच आठवेना, मी मुंजीतल्या बटूसारखा उभा. मागून एक पेंटर म्हणाला, "काका, साधं मिनरल शंभर नंबर घ्या ना, विमान आहे का ते?" घेतलं. लिटरचीच बाटली होती.

तेल ठिपक्याच्या बरोब्बर मध्यावर आणलं, दोनदा बॅटरी मारून बघितलं, टाकीखालचा कॉक उघडून आत साठणारं पाणी काढायचंय हेही मनात घोकलं आणि ऐटीत हाक मारली, आण रे सायकल.

सायकल नव्हती. चार दिवसांपूर्वीच शेजारच्या काकांच्या हातपंपाने हवा भरून पोरगा क्लासला जायला लागला होता. उरलेल्या तेलाची बाटली बायकोने देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवलेली दिसली, तेवढी आईने समईत ओतायच्या आत हलवली.