गाडीच्या एसीवरच्या माझ्या लेखावर आलेल्या त्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, लई लागलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावून एसीच्या गॅसचं लो साइड, हाय साइड, म्हणजे कमी आणि जादा प्रेशरची बाजू, बघितल्याशिवाय एसीवर बोलूच नये, हीटरचा भाग चुकलाय, आणि शेवटी 'बॉनेट न उघडणाऱ्यांनी ज्ञान पाजळू नये'.

हीटरचं मान्य. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, 'बंद अडकला' असं टाईप झालं, 'उघडा अडकला' पाहिजे होतं. उघडा राहिला की इंजिन नीट तापत नाही आणि हीटर कोमट हवा मारतो. दुरुस्त केलंय.

पण बॉनेट न उघडणारा कुणाला म्हणताय? वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ होतं, शाळा सुटली की मी तिथंच, पान्हे उचलून देतच मोठा झालोय. रंकाळ्यावर समोर भेटलो असतो तर असं बोलला असता का?

तो लेख का लिहिला ते तरी नीट वाचायचं होतं. सलग दोन उन्हाळे एका गॅरेजवाल्यानं 'गॅस कमी झालाय' म्हणून गॅस भरून पैसे घेतले. आता गॅस काय पेट्रोल हाय व्हय जळून संपायला? बंद सिस्टीम असते, कमी झाला तर कुठंतरी गळतोय, ते आधी शोधा की. आणि माझ्या गाडीला गळतीच नव्हती, तावडे हॉटेल ते कागल हायवेला मस्त गार लागायचं आणि कावळा नाक्याला सिग्नलला थांबलो की पाच मिनिटात पोरगी मागनं ओरडायची, बाबा गरम हवा येतीय. शेवटी एकदा तिथंच बाजूला घेतली, एसी चालूच ठेवला, बॉनेट मीच उघडलं, तर कंडेन्सरचा (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) फॅन जागचा हलत नव्हता. रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा स्विच, गेलेला. चालत्या गाडीला वारा मिळतो म्हणून गार, थांबली की कंडेन्सरची उष्णता जायला वाटच नाही. असल्यात वर जादा गॅस कोंबला की हाय साइडचं प्रेशर आणखी वाढतं, कूलिंग उलट कमी.

ग्लोव्ह बॉक्समागचा, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढला तर पेटवलेल्या पाचटाची काजळी, घड्याघड्यात गच्च, बोटं काळी झाली. ब्लोअर चारवर टाकून पण हवा का येत नव्हती ते तेव्हा कळलं. हे दोन्ही बघायला गेज लागत नाही, डोळे लागतात.

बाकी गेजचं काय ते मेकॅनिक बघतील, लेख त्यांच्यासाठी नव्हताच. परत लिहाल तेव्हा तुमच्या गाडीला काय झालं ते लिहा, माझ्यावर घसरू नका.