‘खेळायला फी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

खेळोपचारावरील, म्हणजे खेळाच्या माध्यमातून मुलांवर केल्या जाणाऱ्या मानसोपचारावरील, माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, की मुले घरी-मैदानात खेळतातच, त्यांना मोकळे करायला आजी-आजोबा पुरेसे असतात. मग नातवाच्या शाळेने सुचवले म्हणून नागपूरच्या धरमपेठेत फी भरून खेळायला पाठवणे हे निव्वळ खूळ आहे. त्याचा उपयोग होतो याला पुरावा काय, असेही आपण विचारले आहे. आजी-आजोबांविषयी आपले म्हणणे मला मनापासून मान्य आहे. परंतु घरातील मृत्यूनंतर बोलणेच बंद केलेल्या किंवा सुटलेली सवय परतून पुन्हा अंथरूण ओले करू लागलेल्या मुलाला कितीही मायेने ‘काय झालं?’ असे विचारले, तरी भीती आणि राग यांची गुंतागुंत मांडण्याइतके शब्द त्याच्याजवळ नसतात.

खेळोपचाराच्या खोलीत वेगळे असते ते मोठ्या माणसाचे वागणे. खेळाची दिशा मुलाने ठरवावी आणि उपचारकाने घाई करू नये, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्येच मांडले होते. समजा, मुलाने तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पुन्हा पुन्हा वाळूत पुरला. आपण घरी म्हणू, ‘अरे, नंदीला असं पुरतात का?’ उपचारक म्हणतो, ‘तो पार आत गेला, आता कुणाला दिसत नाही,’ आणि थांबतो. (एवढ्या एका खेळावरून निदान सांगणाऱ्यापासून पालकांनी दूरच राहावे.) तोच नंदी मुलाने अंगावर उगारला, तर ‘तुला खूप राग आला आहे, मला मारायचं नाही, या उशीला मार,’ असे शांतपणे सांगितले जाते. राग मान्य होतो, मारणे मात्र नाही.

पुराव्याचा आपला प्रश्न रास्त आहे. संशोधक ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये खेळोपचाराच्या ९३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा उपचार न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत ठळक सुधारणा दिसली. त्यांतील अनेक अभ्यास लहान होते, हेही सांगायला हवे. मला त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो: पालकांना शिकवून सहभागी करून घेतले, तेथे परिणाम अधिक चांगला होता.

म्हणून नातवाला नेण्याआधी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. उपचारक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत का, आणि घरी आठवड्यातून अर्धा तास असे कसे खेळावे, हे ते मुलाच्या आईवडिलांना, शक्य असल्यास आपल्यालाही, शिकवतील का?