तोंड उघडा, पण बेतानं

अमेरिकेच्या सैन्यातून सुटून घरी आलात, अभिनंदन. येताना जबडा मोडून आणला असेल तर दुप्पट अभिनंदन, कारण माणसानं तोंड किती उघडावं याचाही सरकारी तक्ता असतो हे आता तुम्हाला कळेल. आपल्या घरांत वडीलधारी माणसं हे नुसत्या नजरेनं सांगतात. तिथलं माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, मिलिमीटरमध्ये सांगतं.

वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी लावतात. ३५ ते ५० भरले तर जबडा धडधाकट. ३० ते ३४ भरले तर १० टक्के अपंगत्व, २१ ते २९ला २० टक्के, ११ ते २०ला ३० आणि त्याहून कमी उघडत असेल तर ४०. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यालाच बुक्क्यांचा दर सगळ्यात बरा. २०२५मध्ये १० टक्क्यांचे महिन्याला १७५ डॉलर ५१ सेंट मिळत होते. तेव्हा तपासणीच्या दिवशी बाहेरच्या खुर्चीत बसून जांभया देऊ नका. एखादी मोठी जांभई चौतिसाचे पस्तीस करून जायची.

खरं तर तुम्ही जखमी व्हायला उशीर केलात. १० सप्टेंबर २०१७च्या आधी ४० मिलिमीटर उघडणारा जबडासुद्धा १० टक्के अधू धरत. त्या तारखेला नवा तक्ता लागू झाला आणि ३५ ते ४०मधले तमाम जबडे औषधपाण्याशिवाय बरे झाले. ज्यांचा टक्का आधीच मंजूर होता त्यांचा, केवळ तक्ता बदलला म्हणून, कापत नाहीत. मुहूर्त बघून मार खाणं ही एक कलाच आहे.

आता तपासणी. इथे तुमची शिस्त तुमचा घात करणार. ज्या सार्जंटनं दात-ओठ खाऊन सोसायला शिकवलं, त्याला बाहेरच थांबवा. आत डॉक्टर ‘उघडा’ म्हणेल आणि तुम्ही जुन्या सवयीनं, डोळ्यांत पाणी आलं तरी, हुकूम समजून पूर्ण उघडाल. तो लिहील ३८. दुखणं कुठल्या मिलिमीटरला सुरू झालं, हे त्याला तुमच्या चेहऱ्यावर वाचता येत नाही. ते बोलून दाखवावं लागतं. ज्या दिवशी सांधा अडकतो आणि चमचाही आत जात नाही, तो दिवसही सांगावा लागतो, कारण तपासणीची तारीख तुमच्या दुखण्याला विचारून ठरलेली नसते. गंमत बघा, तोंड कमी उघडल्याबद्दल पैसे आणि ते मिळवायला तोंड उघडणं सक्तीचं. ‘ठीक आहे, चाललंय’ हे मराठी माणसाचं लाडकं उत्तर तर इंग्रजीतही देऊ नका. ते कागदावर जसंच्या तसं उतरतं.

मग जेवणाकडे या. जबडा ३० ते ३४ उघडतोय आणि मऊच खावं लागतंय तर १०चे २० टक्के होतात. सगळं पातळ किंवा वाटूनच लागत असेल तर ३०. पण वाटून खाल्लंत हे तुमच्या बायकोनं सांगून भागत नाही, ते डॉक्टरच्या नोंदीत हवं. आपल्याकडे गुरगुट्या भात आणि मेतकूट हे आजारपणातलं सुख. तिथे नोंद नसेल तर तो निव्वळ भात.

दातांचं काय, असं विचारू नका. तुम्ही विचारलंच. हाडाला मार लागून सगळे दात गेले आणि कवळी बसवून चावता येत नसेल तर ४० टक्के. कवळी नीट बसली तर शून्य. चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर टक्के नाहीत. हिरड्या सडून हाड झिजलं असेल तर हा रकानाच तुमचा नाही. रात्री झोपेत दात खात असाल तर त्याला स्वतःचा टक्का नाही. ते सैन्यातल्या कुठल्या दुखण्यामुळे खाता आणि त्यानं जबड्याचा सांधा बिघडला का, हे डॉक्टरकडून लिहून आणा. डॉक्टरनं ‘असू शकेल’ लिहिलं तर कागद वाया. हा संबंध असण्याची शक्यता निदान नसण्याइतकी तरी आहे, असंच लिहायला लावा. या वाक्यात काव्य नाही, पण पैसे आहेत.

शेवटी बेरीज. पाठीला ४० टक्के आणि जबड्याला २० मिळाले तर ६० म्हणून पेढे वाटू नका. व्हीएच्या मते ४० टक्के अधू माणूस ६० टक्के शिल्लक असतो. जबड्याचे २० टक्के त्या ६०मधून, म्हणजे १२. झाले ५२, आणि जवळच्या दहाला बसवले की ५०. आधीच ७० असेल तर जबड्याच्या १०नं होतात ७३, म्हणजे परत ७०. जबडा मोडला तो मोडलाच, वर बेरजेतही दिसला नाही.

निकालाचं पत्र घरी येईल. वाचून तुमचा आ वासेल. दाद मागायला वर्षभर मुदत आहे, घाई नको. आधी पट्टी आणा आणि वासलेला आ मोजून घ्या. पस्तीसच्या वर गेला असेल तर मिटा आणि कुणाला सांगू नका.