‘जरा’ तोंड वळवा म्हणे!

मुखपृष्ठ मंजूर झालं, फायनल फाइल गेली, आणि आज सकाळी गिऱ्हाइकाचा निरोप: ‘सुंदर! फक्त ड्रॅगनचं तोंड जरा डावीकडे वळवाल का? पाच मिनिटांचं तर काम.’

जरा! अहो, तो आग ओकतोय. त्या चित्रात सूर्य नाही, चंद्र नाही. जो काय उजेड आहे तो त्याच्या जबड्यातून येतोय. तोंड वळलं की उजेड वळला. म्हणजे ढालीवरची नारिंगी झळाळी पुसा, चिलखताच्या प्रत्येक पत्र्याची कड नव्याने उजळा, धुराची उजळ बाजू बदला, जमिनीवरच्या सावल्या फिरवा. खवले काय आपोआप वळतात? मानेच्या आतल्या वळणाला ते दाटतात, बाहेरच्या वळणाला फाकतात. एकेक काढायचा. हातानं.

‘मग चित्रच फ्लिप करा!’ करतो की. तलवार डाव्या हातात, म्यान उजव्या कमरेला, ढालीवरची अक्षरं उलटी. आणि चित्र पुढून मागे सलग असल्यामुळे ड्रॅगनचं डोकं थेट मलपृष्ठावर, बारकोडच्या शेजारी.

अंगठ्याएवढे चार-पाच रफ आधी पाठवतात ते कशासाठी? मग स्केच, मग नुसत्या करड्या छटांत उजेड-सावली. तोंड वळवायची वेळ ती. तेव्हा उत्तर काय, तर ‘मस्त, पुढे जा.’ उघडून बघितलं असेल तर शपथ.

जादूचा तो झगझगीत निळा छापल्यावर मेला, तरी बोल चित्रकारालाच. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या उजेडातला, तो निळा सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या, चार शायांत बसतच नाही, कितीही डोकं आपटा. ३ मिमी ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापून जाणारी जास्तीची कड, सोडलं तर ‘कडेला उगाच जास्त का काढलंय?’ आणि पोट उघडं टाकणाऱ्या चिलखताची ती मागणी! बाण नेमका कुठे लागतो असं वाटतं तुम्हाला?

असो. आपली जमातही काही कमी नाही. डोकं, आग, धूर वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे फाइलमधल्या सुट्या थरांवर ठेवा, असं जगाला शिकवायचं आणि रात्री दोनला फाइल जड झाली म्हणून सगळं मर्ज करून मोकळं व्हायचं. शेपटीचे खवले तासन्‌तास घोटायचे, तेही बरोबर बारकोड बसणार तिथे.

लिक्विफाय नावाच्या, चित्र ताणायच्या टूलनं मान ओढून बघितली. आग ओकणारा शहामृग झालाय. हाच पाठवू का?